पुराणिकाची कन्या आणि प्रामाण्याचा वाद : पंडिता रमाबाईंचे चरित्र

आषाढीच्या वाटेवर श्रीतुकोबारायांची पालखी पुण्याहून निघून यवत, वरवंड करीत बारामतीस येते आणि पुढे निमगाव केतकीवरून इंदापुरास जाते. या वाटेवर चौफुल्यापाशी एक रस्ता केडगावकडे वळतो. केडगाव म्हटले की भाविकांस सद्गुरू नारायण महाराजांचे दत्तस्थान आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच केडगावात एका संस्कृतज्ञ विदुषीने आयुष्याची अखेरची पंचवीस वर्षे व्यतीत केली व तेथेच देह ठेवला. तिचे नाव पंडिता रमाबाई. स्वधर्म सोडून ख्रिस्ती झालेली स्त्री म्हणून आपल्या घराघरांत तिचे नाव काहीशा दुखऱ्या मनानेच घेतले गेले. पण ख्रिस्ती झाल्यावरही ती स्त्री त्या धर्मातील आचार्यांशी वर्षानुवर्षे वाद घालीत होती, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक आहे. तो वाद समजून घेतला तर आपल्याही घरातल्या एका प्रश्नाचा उलगडा होतो.

कीर्तनात आधी पूर्वरंग आणि मग आख्यान. तोच क्रम येथे ठेवू.

ख्रिस्ती धर्मात कॅथॉलिक आणि प्रॉटेस्टंट असे दोन मोठे भेद आहेत, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे मूळ भांडण मूर्तीचे वा मेणबत्तीचे नाही; ते प्रामाण्याचे आहे. आपल्या स्मृतिकारांनी धर्म जाणण्याची चार साधने सांगितली : वेद, स्मृती, सज्जनांचा आचार आणि स्वतःच्या अंतःकरणाचे समाधान. या चारांत श्रेष्ठ कोणते व अर्थ लावण्याचा अधिकार कोणाचा, यावर आपल्याकडे जसे वाद झाले तसेच तिकडेही झाले. कॅथॉलिक मत असे की, बायबल हा ग्रंथ प्रमाण आहे आणि प्रेषितांपासून अखंड चालत आलेली परंपराही प्रमाण आहे. या दोहोंचा अर्थ सांगण्याचा अधिकार प्रेषितांचे उत्तराधिकारी जे बिशप आणि त्यांचे प्रमुख जे रोमचे पोप, त्यांच्याकडे आहे. १५१७ साली जर्मनीत मार्टिन ल्यूथर या धर्मगुरूने पापमुक्तिपत्रांच्या व्यवहाराविरुद्ध आवाज उठविला, आणि वाद वाढत वाढत या अधिकारापर्यंत पोचला. ल्यूथरच्या अनुयायांनी म्हटले की, अंतिम प्रमाण ग्रंथ हेच होय. मनुष्याचा उद्धार ईश्वरी कृपेने व श्रद्धेने होतो. कॅथॉलिक मंडळीने १५४५ ते १५६३ या काळातील ट्रेंटच्या धर्मसभेत आपला सिद्धान्त पुन्हा स्थिर केला : ग्रंथ व परंपरा दोन्ही प्रमाण, संस्कार सात, आणि श्रद्धेला सत्कर्माची जोड आवश्यक. प्रॉटेस्टंटांनी बहुधा दोनच संस्कार मानले, स्नानसंस्कार आणि प्रभुभोजन.

इंग्लंडची गोष्ट निराळी. तेथे १५३४ साली आठव्या हेन्री राजाने पोपचे वर्चस्व झुगारले, पण बिशपांची परंपरा तशीच राहिली. त्यामुळे इंग्लंडची मंडळी एका पायाने कॅथॉलिक आणि एका पायाने प्रॉटेस्टंट अशी उभी राहिली. १८३३ नंतर ऑक्सफर्ड येथील विद्वानांच्या चळवळीमुळे तिच्यातील एक पक्ष परंपरा, संस्कार व बिशपांचा अधिकार यांकडे पुन्हा झुकला. याच पक्षाच्या छायेत १८४८ साली वॉन्टेज या गावी भगिनींचा एक आश्रम स्थापन झाला. आपल्या आख्यानाची नायिका पुढे याच आश्रमात गेली.

आता आख्यान. रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे चित्पावन ब्राह्मण, मोठे व्युत्पन्न. पुण्यात गुरुगृही असताना पेशव्यांच्या वाड्यातील स्त्रीला संस्कृत शिकताना त्यांनी पाहिले आणि आपल्या पत्नीसही ही विद्या द्यावी असा निश्चय केला. त्यासाठी त्यांना स्वजनांचा रोष पत्करावा लागला, पंडितांपुढे शास्त्राधार मांडावे लागले. आपले म्हणणे ते शास्त्राच्याच आधारे सिद्ध करीत. शास्त्र सोडून नव्हे. पत्नी लक्ष्मीबाई शिकल्या, आणि त्यांनीच पहाटेच्या वेळी लहानग्या रमेला पाठ दिले.

पुढे हे कुटुंब तीर्थयात्रेस निघाले. देवळात, नदीच्या घाटावर, पाराखाली पोथी उघडावी, पुराण सांगावे आणि श्रोते जे अर्पण करतील त्यावर निर्वाह करावा, असा त्यांचा क्रम होता. भागवतासह पुराणांतील सहस्रावधी श्लोक त्या मुलीस मुखोद्गत झाले. आम्हा कीर्तनकार-पुराणिकांच्या दृष्टीने पाहता ती आमच्याच घरची मुलगी. बारामतीस मोरोपंतांनी आर्या रचिल्या व त्या कीर्तनाच्या रंगात घरोघरी पोचल्या. त्याच श्रवणपरंपरेतले हे घराणे होते.

परंतु १८७० नंतरच्या दशकात दक्षिणेत दुष्काळ पडला. आई, वडील आणि थोरली बहीण थोड्याच काळात कालवश झाली. आईचे प्रेत उचलण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा या कोवळ्या मुलीला तिरडीस हात लावावा लागला. उंची कमी म्हणून तो भार तिने मस्तकावर घेतला. बहीणभाऊ हजारो कोस पायी हिंडले आणि १८७८ साली कलकत्त्यास पोचले. तेथील पंडितसभेने तिची परीक्षा घेतली व पंडिता आणि सरस्वती या पदव्यांनी तिचा गौरव केला. ब्राह्मसमाजाचे केशवचंद्र सेन यांनी तिच्या हाती वेदाचा ग्रंथ दिला. स्त्रीने वेद वाचावा की नाही या शंकेने ती प्रथम गोंधळली. मग वाचू लागली. ज्या शास्त्रांवर वडिलांची निष्ठा होती, त्यांत स्त्रियांविषयी परस्परविरुद्ध वचने आहेत आणि मोक्षाची वाट स्त्रीला अरुंद ठेवली आहे, असे तिला दिसू लागले. श्रद्धेला पहिला तडा येथे गेला.

भाऊ श्रीनिवास १८८० साली गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी तिने नोंदणी पद्धतीने विवाह केला. कन्या मनोरमा झाली. ४ फेब्रुवारी १८८२ रोजी पटकीने पती वारले. तेविसाव्या वर्षी वैधव्य, कडेवर तान्ही मुलगी. ती पुण्यास आली, आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हे पुस्तक लिहिले आणि हंटर आयोगापुढे स्त्रीशिक्षणाविषयी साक्ष दिली.

याच सुमारास नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांच्या लेखनाचा परिणाम तिच्यावर झाला. गोऱ्हेशास्त्री हेही चित्पावन, काशीत वाढलेले. तरुणपणी ख्रिस्ती मताचे खंडन करण्यासाठी त्यांनी संस्कृतात ग्रंथ लिहिला, आणि १८४८ साली स्वतःच ख्रिस्ती झाले. पुढे षड्दर्शनदर्पण लिहून त्यांनी आपल्या दर्शनांची चिकित्सा केली. ते इंग्लंडच्या मंडळीतील परंपरानिष्ठ पक्षाचे होते; मंडळीचा अधिकार त्यांनी मनोभावे मानला.

१८८३ साली रमाबाई वैद्यक शिकण्याच्या हेतूने इंग्लंडला गेल्या आणि वॉन्टेजच्या आश्रमात राहिल्या. कानाने कमी ऐकू येत असल्यामुळे वैद्यकाचा बेत सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत व स्वतः शिकत.

आणि येथे वाद सुरू झाला. ज्या भगिनी जेराल्डाईन यांना त्या प्रेमाने आजीबाई म्हणत, त्यांच्याशीच. आजीबाईंची अपेक्षा अशी की, बाप्तिस्मा घेतला म्हणजे मंडळीचा सिद्धान्त नम्रतेने स्वीकारावा, शंका आल्यास धर्मगुरूंवर भार टाकावा. रमाबाईंनी विचारले की, त्रैक्याचा जो सिद्धान्त मंडळी सांगते, तो ग्रंथात त्याच रूपाने कोठे आहे? अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या मतपत्रिकेस त्या मान्यता देईनात. कुमारीजन्माविषयीही त्यांनी शंका काढली. त्यांचे म्हणणे असे की, आपण ख्रिस्ताला शरण गेलो, बिशपांना नव्हे. गळ्यातल्या क्रुसावर लॅटिन शब्दच का, संस्कृत का नकोत, असेही त्यांनी विचारले. आश्रमात राहूनही आहार त्यांनी शाकाहारीच ठेवला; भगिनींना त्यात जातीचा ताठा दिसला. तरुण पुरुषांना त्यांनी शिकवावे की नाही असा प्रश्न निघाला, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी प्रतिकूल मत दिले. रमाबाईंनी कळविले की, आपल्या पित्याने आपल्याला पुरुषांच्या सभेत बोलण्यास शिकविले आहे. त्याहून कमी स्वातंत्र्य या नव्या घरात पत्करण्याचे कारण नाही.

आजीबाईंचा पक्षही न्याय्यपणे सांगितला पाहिजे. त्यांच्या मते परंपरा म्हणजे शेकडो वर्षांच्या साधकांनी तपासलेले ज्ञान. एकट्या माणसाने पुस्तक हाती घेऊन त्याचा अर्थ लावला की जितकी डोकी तितके पंथ होतात. पुढील इतिहास पाहता ही भीती निराधार म्हणता येत नाही. गुरूवाचून ग्रंथ उघडू नये असे आपलेही वडील सांगत आले. हा सर्व पत्रव्यवहार महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९७७ साली प्रसिद्ध केला. तो वाचताना दोन्ही पक्षांचे प्रेम आणि दोन्ही पक्षांचा हट्ट स्पष्ट दिसतो.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदानास रमाबाई अमेरिकेस गेल्या. तेथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. बोस्टन येथे निरनिराळ्या प्रॉटेस्टंट पंथांच्या लोकांनी मिळून त्यांच्या कार्यासाठी संस्था काढली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडले. पुढल्या वर्षी ते पुण्यास आले. धर्माचा आग्रह करावयाचा नाही, ही अट होती. पण रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, तेव्हा दार उघडे असे आणि मुली येऊन बसत. न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी १८९३ साली सल्लागारपद सोडले. केसरीने कठोर टीका केली. ज्या पालकांनी विश्वासाने मुली पाठविल्या त्यांचा रोष समजण्याजोगा होता. परंतु त्या मुलींना आसरा देण्यास त्या वेळी आपल्यातून किती दारे उघडली होती, हा प्रश्नही टाळता येत नाही. त्याच सदनातील एका विधवेशी धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये पुनर्विवाह केला आणि त्यांनी स्वतः विधवांसाठी संस्था उभी केली, हे आपले भाग्य.

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो निराधार मुली व स्त्रिया घेऊन आल्या. ज्या दुष्काळाने आईबाप नेले, त्याची आठवण त्यांना होती. केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती होती, विणकाम होते, छापखाना होता, अंध स्त्रियांची सोय होती. सदन कोणत्याही एका ख्रिस्ती पंथाच्या सत्तेखाली त्यांनी जाऊ दिले नाही. पुढे बारामतीकडे ऑस्ट्रेलियातील जी ख्रिस्ती मंडळी कार्य करू लागली, तीही बिशप व मतपत्रिका न मानणारी होती.

अखेरची अनेक वर्षे त्यांनी बायबलच्या मराठी अनुवादास दिली. ग्रंथ हेच प्रमाण मानले, तर तो मुळातून वाचला पाहिजे. म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. खेड्यातल्या बाईला समजेल अशी भाषा त्यांनी योजिली आणि संस्कृत शब्द कटाक्षाने टाळले, कारण त्या शब्दांबरोबर हिंदू तत्त्वज्ञानाचे अर्थ येतात असे त्यांस वाटे. ज्या विदुषीस सरस्वती म्हणून गौरविले, तिने संस्कृत दूर ठेवावे, हे वाचताना मन खिन्न होते. मनोरमा २४ जुलै १९२१ रोजी वारली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईंनी देह ठेवला.

कॅथॉलिक व ल्यूथरपंथी यांनी उद्धार व श्रद्धा या विषयावर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी संयुक्त घोषणा केली. जवळजवळ पावणेपाचशे वर्षांनी त्या एका प्रश्नावर त्यांची बरीचशी मने जुळली. भारतातही १९७० साली अनेक प्रॉटेस्टंट पंथांनी बिशपांसह एक मंडळी स्थापिली. अधिकाराचा प्रश्न मात्र अद्याप पूर्णपणे मिटलेला नाही.

वाचकहो, गोऱ्हेशास्त्री आणि रमाबाई हे दोघेही संस्कृताच्या अंगणातून गेले. एकाने परंपरेला प्रमाण मानले, दुसरीने अंतःकरणाला. देहूच्या वाण्याला वेदार्थ बोलण्याचा अधिकार नाही असे ज्यांनी ठरविले, त्यांनाही शेवटी त्याच्या पायाशी यावे लागले, हे आपण वारीत दरवर्षी स्मरतो. घरातील मुलगी वा सून पोथी ऐकताना एखादी अवघड शंका विचारते, तेव्हा तिला गप्प बसवू नये. उत्तर ठाऊक असल्यास सांगावे. नसल्यास तिच्यासह पोथीत शोधावे. अनंतशास्त्र्यांनी पत्नीसाठी हेच केले होते.