दादासाहेब फाळके : घरातल्या घरात चित्रपट घडवणारा माणूस (मराठी निबंध)



तुमच्या नात्यात किंवा आळीत असा एखादा माणूस नक्की असेल. पंखा बंद पडला की तो स्वतःच उघडून बसतो. गणपतीची आरास तोच करतो, फोटो तोच काढतो आणि रोज काहीतरी नवीन शिकत असतो. अशा माणसाला लोक कधी हरहुन्नरी म्हणतात, तर कधी 'एक ना धड, भाराभर चिंध्या' म्हणून हसतातही. आज आपण अशाच एका माणसाचे चरित्र पाहणार आहोत. त्यांचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. आपण सगळे त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. भारतीय चित्रपटाचे जनक ही त्यांची ओळख तुम्ही पाठ केलेली असेलच. पण हा पहिला चित्रपट त्यांनी बनवला कुठे, माहीत आहे का? मोठ्या कारखान्यात नव्हे, दादरच्या आपल्या राहत्या घरात, बायकामुलांना सोबत घेऊन!

जन्म आणि शिक्षण

दादासाहेबांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वर येथे झाला. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे पंडित होते. मुलगाही शास्त्री होईल असं घरच्यांना वाटणं साहजिकच होतं. पण धुंडिराजचे मन चित्रं काढण्यात, नाटकात आणि जादूच्या खेळांत रमायचे. वडिलांना मुंबईत अध्यापकाची नोकरी मिळाली आणि कुटुंब मुंबईत आले. १८८५ साली धुंडिराजने जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम आणि छायाचित्रण शिकून घेतले.

अनेक धंदे, अनेक धक्के

शिक्षण झाल्यावर दादासाहेबांनी गोध्रा येथे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू केला. तिथे प्लेगच्या साथीत त्यांची पत्नी आणि मूल दोघेही गेले. मोठा आघात होता तो. त्यानंतर १९०२ साली त्यांचा दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. हे नाव लक्षात ठेवा, कारण पुढच्या गोष्टीत त्यांचा वाटा अर्धा आहे.

दादासाहेबांनी काही काळ सरकारच्या पुरातत्त्व खात्यात नोकरी केली. 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते जादूचे प्रयोगही करत. 'फाळके' हे नाव उलटे वाचा, म्हणजे गंमत कळेल! स्वदेशीच्या चळवळीचे वारे वाहू लागले तेव्हा त्यांनी सरकारी नोकरी सोडली आणि छपाईचा धंदा सुरू केला. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी ते १९०९ साली जर्मनीलाही जाऊन आले. पण भागीदारांशी पटले नाही आणि छापखाना सोडावा लागला. वय चाळीस, पदरी मुलंबाळं आणि हातात काम नाही, अशी अवस्था झाली.

एका चित्रपटाने लावलेले वेड

याच सुमारास मुंबईत त्यांनी येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत होता, पण दादासाहेबांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. आपल्या देवांच्या कथा आपल्याच माणसांनी पडद्यावर का दाखवू नयेत, या विचाराने त्यांना झोप येईना. त्यांनी सरस्वतीबाईंनाही तो चित्रपट दाखवला.

मग ते रोज चित्रपट पाहू लागले, पुस्तके वाचू लागले, घरी प्रयोग करू लागले. जागरण आणि ताण इतका वाढला की काही काळ त्यांची दृष्टीच गेली. उपचारांनी ती परत आली. दुसरा कोणी असता तर इथेच थांबला असता. दादासाहेबांनी मात्र विम्याची पॉलिसी गहाण ठेवली आणि फेब्रुवारी १९१२ मध्ये लंडन गाठले. तिथे त्यांनी चित्रपट कसा बनवतात ते पाहून घेतले, कॅमेरा आणि फिल्मला छिद्रे पाडण्याचे यंत्र विकत घेतले आणि ते परत आले.

पण पैसा कोण देणार? दादासाहेबांनी एक युक्ती केली. कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज त्याचे चित्र घेतले. महिनाभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दिसली, तेव्हा पाहणाऱ्यांचा विश्वास बसला. तरीही पैसे पुरेनात. तेव्हा सरस्वतीबाईंनी आपले दागिने काढून दिले.

घर हाच स्टुडिओ

आता जरा गणित करूया. त्या काळी कच्ची फिल्म छिद्रांशिवाय यायची. फिल्मच्या एका फुटात १६ चित्रे बसतात आणि प्रत्येक चित्राच्या दोन्ही बाजूंना चार-चार छिद्रे लागतात. म्हणजे एका फुटाला १२८ छिद्रे. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. करा गुणाकार! उत्तर पावणेपाच लाखांच्या जवळ येते. हे काम अंधारात करावे लागे आणि ते करत होत्या सरस्वतीबाई. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक, उन्हात पांढऱ्या चादरी धरून नटांच्या अंगावर प्रकाश पाडणे, रात्री फिल्म धुणे आणि रसायने कालवणे, हे सगळं त्यांनी शिकून घेतलं.

त्या काळी स्त्रियांनी चित्रपटात काम करणे कमीपणाचे मानले जाई. तारामतीचे काम करायला एकही स्त्री तयार होईना. शेवटी एका उपाहारगृहात काम करणाऱ्या साळुंके नावाच्या तरुणाला तारामती बनवले. रोहिदासाचे काम दादासाहेबांचा मोठा मुलगा भालचंद्र याने केले. चित्रीकरणाच्या वेळी भालचंद्र खेळताना पडला, डोक्याला मार लागून बेशुद्ध झाला, आणि प्रथमोपचारानंतर दादासाहेबांनी चितेवरच्या रोहिदासाचे दृश्य तशाच अवस्थेत चित्रित केले, असे त्यांच्या चरित्रात सांगितले जाते. मित्रांनो, हे वाचून आपल्याला कसंसंच होतं. बाप म्हणून ते बरोबर होते का, असा प्रश्न मनात येतो. तो प्रश्न येऊ द्या. मोठ्या माणसांच्या धाडसाची किंमत अनेकदा त्यांच्या घरच्यांनी मोजलेली असते, हे आपण विसरता कामा नये.

सुमारे सात महिन्यांनी चित्रपट तयार झाला. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रपटगृहात 'राजा हरिश्चंद्र' प्रदर्शित झाला आणि लोकांनी गर्दी केली.

पुढचा प्रवास

त्यानंतर फाळके कुटुंब नाशिकला गेले. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमलाबाई या स्त्रियांनी काम केले. १९१७ चा 'लंकादहन' अफाट चालला. १९१९ च्या 'कालिया मर्दन'मध्ये बालकृष्ण झाली ती दादासाहेबांची छोटी मुलगी मंदाकिनी! पुढे भागीदारांशी मतभेद झाले आणि दादासाहेब काही काळ काशीला जाऊन राहिले. मग बोलपटांचा जमाना आला. १९३७ चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट. चित्रपटाचा धंदा मोठा झाला, पण तो सुरू करणारा माणूस मागे पडला. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६९ पासून त्यांच्या नावाने चित्रपटसृष्टीतील सर्वोच्च पुरस्कार द्यायला सुरुवात केली.

आपण काय शिकावे?

आता सुरुवातीची ती म्हण आठवा. चित्रकला, फोटो, छपाई, नाटक, जादू या सगळ्या लोकांना चिंध्या वाटल्या असतील. पण चित्रपट बनवताना दादासाहेबांना यातली प्रत्येक गोष्ट उपयोगी पडली. पडदे त्यांनी रंगवले, कॅमेरा त्यांनी चालवला, पडद्यावरची जादूही त्यांनीच केली. चिंध्या जोडून सुंदर गोधडी होते, तसंच हे. फक्त ती शिवायला सरस्वतीबाईंचेही हात लागले होते. म्हणून यापुढे दादासाहेबांवर निबंध लिहाल, तेव्हा एक ओळ सरस्वतीबाईंसाठी जरूर लिहा.