अनवाणी पायांची नोंद

कोलकात्याच्या पश्चिम टोकाला, हुगळीच्या काठी मटियाबुर्ज ही वस्ती आहे. पदच्युत झालेल्या अवधच्या नबाबाने उत्तरायुष्य तेथेच काढले, म्हणून इतिहासाला ती ठाऊक असते. मोहम्मद सलीम यांचा जन्म याच वस्तीत १९०४ मध्ये, बेताच्या परिस्थितीतील कुटुंबात झाला. युरोपातील नामवंत क्लबाच्या वतीने खेळलेले पहिले भारतीय फुटबॉलपटू म्हणून आज त्यांचे नाव घेतले जाते. पण ते ज्या शहराचे, त्या शहराने त्यांची आठवण किती राखली, हा प्रश्न आहे.

सलीम सात वर्षांचे असताना मोहन बागानने अनवाणी खेळून ब्रिटिश लष्करी संघाला हरवले आणि १९११ ची आयएफए शील्ड जिंकली. वसाहतीच्या राजधानीत त्या विजयाचा अर्थ मैदानापुरता उरला नाही. सलीम त्याच वातावरणात वाढले. बऱ्याच क्लबांतून खेळून अखेर ते मोहमेडन स्पोर्टिंगमध्ये स्थिरावले. १९३४ मध्ये या क्लबाने कलकत्ता लीग जिंकली. असे करणारा तो पहिला भारतीय संघ. पुढे १९३८ पर्यंत हे विजेतेपद सलग त्यांच्याकडेच राहिले.

१९३६ मध्ये बर्लिन ऑलिम्पिकला निघालेला चीनचा संघ वाटेत कोलकात्यात खेळला. सलीम यांनी पहिल्या सामन्यात छाप पाडली. दुसऱ्या सामन्याच्या वेळी मात्र ते शहरात नव्हतेच. एका नातेवाइकाच्या आग्रहावरून ते ब्रिटनला जाणाऱ्या जहाजावर चढले होते. ग्लासगोत त्या नातेवाइकाने सेल्टिकचे व्यवस्थापक विली मेली यांना गाठून चाचणीची संधी मागितली. बूट न घालता खेळणारा हिंदुस्थानी माणूस व्यावसायिक खेळाडूंसमोर उभा राहील, ही कल्पनाच मेली यांना गमतीची वाटली असावी. चाचणीनंतर शंका उरली नाही.

मग सलीम राखीव संघांच्या स्पर्धेत दोन सामने खेळले, पायांना केवळ पट्ट्या गुंडाळून. हॅमिल्टनविरुद्ध सेल्टिकने ५-१ असा विजय मिळवला. त्यातला एक गोल पेनल्टीवर सलीम यांचा होता. २८ ऑगस्टला गॅल्स्टनचा ७-१ असा पराभव झाला. स्थानिक वृत्तपत्रे त्यांच्या पायांतील जादूने भारावून गेली. जिमी मॅकमेनेमी गुडघ्यावर बसून सलीम यांच्या पायांना पट्टी बांधत आहेत, असे एक छायाचित्र आहे. साम्राज्याच्या काळात ते पाहणाऱ्याला काय वाटले असेल, याची कल्पना करावी.

क्लबाने थांबण्याचा आग्रह केला, पण सलीम यांना घराची ओढ होती. त्यांच्यासाठी योजलेल्या धर्मादाय सामन्याच्या उत्पन्नातील पाच टक्के वाटा त्यांनी अनाथ मुलांना देऊन टाकला. ती रक्कम अठराशे पौंड भरली, असे कुटुंबात सांगितले जाई. परत येऊन ते पुन्हा मोहमेडनकडून खेळू लागले.

दोनच सामने, तेही राखीव संघाचे, म्हणून ही कथा किरकोळ मानण्याचा मोह होतो. फिलिपिनो वंशाचा बॉबी बाल्सेना १९५६ मध्ये अमेरिकेतील बेसबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेत सिनसिनाटीकडून मोजकेच सामने खेळला. पण तिथे प्रत्येक खेळाडूची प्रत्येक उपस्थिती नोंदली जाते. त्यामुळे समाजाला आपला पूर्वसूरी कधीतरी शोधता आला. सलीम यांना तो आधार नव्हता. अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाला, तोवर त्यांचे खेळण्याचे दिवस कधीच संपले होते. त्यांची कहाणी आपल्यापर्यंत आली ती मुख्यतः स्कॉटिश वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांतून आणि मुलाच्या आठवणींतून. आपल्या क्रीडा धोरणात पदकासाठी तरतूद असते, दप्तरासाठी क्वचितच. मैदानावरील क्लबांची जुनी नोंदवहीं, सामन्यांची पत्रके, संघांची छायाचित्रे सरकारी अभिलेखागाराच्या कक्षेत आणणे फार खर्चाचे काम नाही. १८९३ मध्ये स्थापन झालेल्या इंडियन फुटबॉल असोसिएशनचे मुख्यालय कोलकात्यातच आहे. सुरुवात तेथूनच व्हावी.

सलीम यांचे निधन १९८० मध्ये झाले. अखेरच्या आजारपणात मुलाने सेल्टिकला पत्र लिहून उपचारांसाठी मदत मागितली. पैशाची निकड हा हेतू नव्हता. वडील तिथे कुणाला आठवतात का, एवढेच त्याला पाहायचे होते. ग्लासगोहून उत्तर आले, सोबत शंभर पौंडांचा धनाकर्ष होता.