सैंधवातल्या लाकडाचा वाद

उपवासाच्या दिवशी घरोघरी लागणारे सैंधव किती जुने, या प्रश्नाने १९४०च्या दशकात भारतीय भूशास्त्रज्ञांत दोन तट पाडले होते. त्यातील एका पक्षाचे नेतृत्व होते बिरबल साहनी यांच्याकडे. सैंधव निघते ते पंजाबातील मिठाच्या डोंगररांगेत, खेवड्याच्या खाणीत. साहनींचे जन्मगाव, झेलमकाठचे भेरा, तिथून फार दूर नाही. त्यांचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१चा. वडील रुचिराम लाहोरात रसायनशास्त्राचे प्राध्यापक. केंब्रिजमध्ये ए. सी. सेवर्ड यांच्या हाताखाली साहनी जीवाश्म वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. १९२१मध्ये ते लखनौ विद्यापीठात आले आणि अखेरपर्यंत तिथेच राहिले. १९३६मध्ये रॉयल सोसायटीने त्यांना सदस्यत्व दिले.

खडकाचे वय त्यात गाडलेल्या वनस्पतीला विचारावे, ही त्यांची पद्धत. नागपूर-छिंदवाडा भागात लाव्हाच्या थरांमध्ये सापडलेल्या ताडवर्गीय झाडांवरून आणि पाणवनस्पतींवरून त्यांनी दख्खनचा काळा कातळ मानला जात होता त्याहून अलीकडचा ठरवला होता. तीच कसोटी त्यांनी मिठाला लावली.

मिठावर ज्या शिळा आहेत त्या कँब्रियन काळातील, म्हणजे पन्नास कोटी वर्षांपलीकडच्या. तेव्हा मीठ त्याहून जुने, असे ई. आर. गी यांच्यासारख्या डोंगर पायाखाली घातलेल्या भूशास्त्रज्ञांचे म्हणणे. साहनींनी मीठ विरघळवून उरलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर त्यात लाकडाचे तंतू आणि कीटकांचे अवशेष! कँब्रियन काळी जमिनीवर वृक्ष नव्हते. म्हणून मीठ सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे आणि जुन्या शिळा भूहालचालींत त्यावर सरकलेल्या, असा निष्कर्ष त्यांनी काढला. काहींनी नेमका उलटा अर्थ लावला: मीठ जुनेच, तेव्हा लाकूड बनवणाऱ्या वनस्पतीही तितक्याच जुन्या. हे खरे ठरते, तर जमिनीवरील वनस्पतींचा इतिहास दहा कोटी वर्षांनी मागे गेला असता. १९४४ आणि १९४५मध्ये या प्रश्नावर परिसंवाद झाले; निकाल लागला नाही.

दोन्ही निष्कर्ष पुढे टिकले नाहीत. मीठ दाबाखाली वाहते, भेगांतून पाणी झिरपते, त्याबरोबर नंतरचे कण आत शिरू शकतात. साहनींना ही शंका ठाऊक होती, त्यांनी नमुने घेताना काळजीही घेतली. तरीही ते कण बाहेरचेच, असे आज मानले जाते. त्यांचे तर्कशास्त्र निर्दोष होते, फसवे होते ते साहित्य.

चित्रकूटच्या खडकांतील जीवाश्मांबाबतही असाच वाद १९९८नंतर पेटला. तिथे मात्र जीवाश्म ज्या खडकात होते, त्याच खडकातील शिशाच्या समस्थानिकांवरून वय काढता आले. ते सुमारे १६० कोटी वर्षे भरले. २०१७मध्ये स्वीडनच्या संशोधकांनी त्यांत तांबडी शैवाले ओळखली, म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या बहुपेशीय जीवांच्या सर्वांत जुन्या खुणांपैकी एक. खेवड्याच्या वादात साहनींच्या हाती असे साधन नव्हते.

लखनौतील पुराजीववनस्पती संस्थेची कोनशिला त्यांनी निरनिराळ्या युगांतील जीवाश्म बसवून घडवली होती. ३ एप्रिल १९४९ रोजी पंडित नेहरूंनी ती बसवली. आठवडाभरात, १० एप्रिलला, हृदयविकाराने साहनींचे निधन झाले. इमारतीचे काम पत्नी सावित्री यांनी हाती घेतले, आणि जानेवारी १९५३मध्ये तिच्या उद्घाटनाला नेहरू पुन्हा लखनौला आले.