मोहेशचंद्र बॅनर्जी

मोहेशचंद्र बॅनर्जी (महेशचंद्र बंद्योपाध्याय) हे एकोणिसाव्या शतकातील बंगाली बुद्धिबळपटू होते. काळ्या मोहऱ्यांनी खेळताना त्यांनी स्वीकारलेली मांडणी त्या काळी विचित्र वाटणारी होती. पुढे तीच 'किंग्ज इंडियन बचाव' आणि 'ग्रुनफेल्ड बचाव' या नावांनी जगभर मान्यता पावली.

पार्श्वभूमी

मोहेशचंद्रांची जडणघडण देशी बुद्धिबळात झाली. देशी पद्धतीत प्यादे सामान्यतः पहिल्या खेळीतही एकच घर पुढे जात असे. किल्लेकोटाऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदा घोड्याची चाल करण्याची मुभा असे. त्यामुळे डाव संथपणे उलगडत असे आणि मोहरी आपल्याच प्याद्यांच्या आड रचली जात. देशी व युरोपीय पद्धतींची गाठ त्यापूर्वीच पडू लागली होती. त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांनी आपल्या संस्कृत ग्रंथाचे युरोपीय खेळाला अनुरूप केलेले इंग्रजी रूपांतर १८१४ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले होते.

कॉक्रेन यांच्याशी लढती

जॉन कॉक्रेन (१७९८–१८७८) हे स्कॉटिश बॅरिस्टर कलकत्त्यात वकिली करीत. आक्रमक खेळाडू म्हणून त्यांची ख्याती होती. शहराबाहेर राहणारा एक ब्राह्मण कोणाकडूनही हरलेला नाही, ही वार्ता त्यांच्या कानी आली. त्यांनी मोहेशचंद्रांना शोधून काढले आणि त्यांच्याशी डाव मांडला. त्यानंतर अनेक वर्षे कलकत्त्यात दोघांमध्ये शेकडो डाव झाले. बहुसंख्य डाव कॉक्रेन यांनी जिंकले. तथापि मोहेशचंद्र हे त्यांचे तेथील प्रमुख प्रतिस्पर्धी राहिले. या लढतींतील अनेक डाव इंग्लंडमधील नियतकालिकांत छापले गेल्यामुळे आज उपलब्ध आहेत.

काळ्या मोहऱ्यांची खेळपद्धती

पांढऱ्याने राजापुढील प्यादे दोन घरे सरकवले की काळ्यानेही तसेच करावे आणि पटाचा मध्यभाग प्याद्यांनी व्यापावा, असा युरोपातील तत्कालीन प्रघात होता. मोहेशचंद्रांनी हा मार्गही चोखाळला. १८४८ मध्ये त्यांनी पेट्रोव्ह बचाव खेळला असता कॉक्रेन यांनी दोन प्याद्यांच्या मोबदल्यात घोडा अर्पण केला. ती चाल आजही कॉक्रेन यांच्या नावाने ओळखली जाते.

मात्र मोहेशचंद्रांचा खरा ओढा वेगळ्या मांडणीकडे होता. राजाच्या घोड्यासमोरील प्यादे एक घर पुढे सरकवून, रिकाम्या झालेल्या घरात उंट बसवून ते त्याचा रोख मोठ्या कर्णावर ठेवीत. मध्यभाग प्रथम प्रतिस्पर्ध्याला घेऊ द्यायचा आणि नंतर त्यावर दुरून मारा करायचा, असे या मांडणीचे सूत्र होते. तिचे मूळ एका घराने सरकणाऱ्या प्याद्यांच्या देशी खेळात असावे, असे मानले जाते.

या पद्धतीचे गुणदोष दोन डावांतून स्पष्ट होतात. १३ मे १८५५ च्या डावात मोहेशचंद्रांनी पुढे ग्रुनफेल्ड बचाव म्हणून प्रसिद्ध झालेल्या खेळ्या केल्या आणि पांढऱ्याच्या मध्यावर योग्य दाब आणला. मात्र अठराव्या खेळीला त्यांनी धोका ओळखला नाही आणि कॉक्रेन यांना वजिराचा बळी देऊन घोड्याने मात करण्याची संधी मिळाली. दुसऱ्या एका डावात कॉक्रेन यांनी चार प्यादी पुढे लोटून मध्यभाग काबीज केला. मोहेशचंद्रांनी घोडा अर्पण करून तो फोडला, स्वतःचा वजीर शत्रूच्या घोड्यासमोर सोडून प्रतिस्पर्ध्याचा वजीर घेतला आणि डाव जिंकला. पहिल्या डावातील पराभव प्रारंभामुळे ओढवलेला नव्हता, हे यावरून दिसते. तथापि समकालीनांनी निकालाकडेच पाहिले आणि ही मांडणी सुमारे सात दशके उपेक्षित राहिली.

वारसा

१९२२ मध्ये ऑस्ट्रियाचे एर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी याच खेळ्या स्पर्धेत वापरल्या आणि त्या बचावाला त्यांचे नाव मिळाले. मोहेशचंद्रांच्या वाट्याला केवळ 'इंडियन' हे सामान्यनाम आले. पुढे सोव्हिएत खेळाडू डेव्हिड ब्रॉनस्टीन व इसाक बोलेस्लाव्स्की यांनी किंग्ज इंडियन बचावाला प्रतिष्ठा मिळवून दिली. १९५६ मध्ये तेरा वर्षांच्या बॉबी फिशर यांनी डोनाल्ड बर्न यांच्याविरुद्ध काळ्या मोहऱ्यांनी जिंकलेला सुप्रसिद्ध डावही ग्रुनफेल्ड बचावाचाच होता. गॅरी कास्पारोव्ह यांनी दोन्ही बचाव विश्वविजेतेपदाच्या पातळीवर खेळले.

पांढऱ्याच्या अनेक चालींविरुद्ध साधारण एकच मांडणी वापरता येत असल्याने, पाठांतरापेक्षा प्याद्यांची रचना आणि प्रतिहल्ल्याची वेळ समजून घेऊ इच्छिणारे खेळाडू आजही किंग्ज इंडियन बचावाकडे वळतात. आरंभी या बचावाने हार पत्करावी लागते. परंतु त्यातून येणारी समज दीर्घकाळ उपयोगी पडते. मोहेशचंद्रांचे उपलब्ध डाव या दृष्टीनेही अभ्यासनीय आहेत.