घंटा न वाजवणारे कार्ड

रुग्णालयाच्या जुन्या नोंदींची फाइल डेटाबेसमध्ये भरायला घेतली की कधी कधी पडद्यावर ‘परवानगी नाही’ असा संदेश येतो आणि काम अडते. फाइल तर समोर दिसत असते! कारण बहुधा साधे असते. फाइल आपल्या नावावर असते, पण डेटाबेस संगणकात वेगळ्या नावाने वावरतो आणि त्याला ती फाइल किंवा ती ज्या फोल्डरमध्ये आहे तो फोल्डर वाचण्याचा अधिकार दिलेला नसतो. तेवढा वाचनाचा अधिकार दिला की काम पुढे सरकते. वैतागून सगळ्यांना सगळे खुले करणे मात्र चुकीचे; त्या फाइलमध्ये रुग्णांची नावे आणि आजार असतात.

अडून बसणाऱ्या यंत्राचा राग येतो खरा. पण नोंदी वाचणारे पहिले यशस्वी यंत्र बनवणाऱ्या हर्मन हॉलेरिथ यांनी आपल्या यंत्राला नकार द्यायला मुद्दाम शिकवले होते.

हॉलेरिथ यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८६० रोजी अमेरिकेतील बफेलो येथे जर्मन स्थलांतरितांच्या घरात झाला. शिक्षण खाणकाम अभियांत्रिकीचे, नोकरी जनगणना कार्यालयात. तिथे आरोग्य आणि मृत्यूच्या आकडेवारीचे काम पाहणारे लष्करी डॉक्टर जॉन शॉ बिलिंग्ज यांनी, ही मोजदाद यंत्राने व्हायला हवी, अशी कल्पना त्यांच्यापुढे मांडली. १८८०च्या जनगणनेचे कागद हाताने मोजता मोजता सात-आठ वर्षे गेली होती.

यंत्राची पहिली कसोटी जनगणनेत नव्हे, तर बाल्टिमोर शहराच्या मृत्युनोंदींवर झाली. वय, लिंग, मृत्यूचे कारण अशी प्रत्येक माहिती कार्डावरच्या एका छिद्रात बसवायची. हॉलेरिथ यांनी ही छिद्रे रेल्वेच्या तिकीट तपासनिसाच्या चिमट्याने स्वतः पाडली आणि त्यांचा हात भरून आला. चिमटा कार्डाच्या कडेपलीकडे पोहोचतही नव्हता. त्यातूनच पुढे टेबलावरचे छिद्रे पाडण्याचे यंत्र आले.

१८९०च्या जनगणनेत ही यंत्रे कामाला लागली. कार्ड दाबपट्टीखाली ठेवायचे, हँडल खाली ओढायचे. जिथे छिद्र असेल तिथून खिळ्यासारखी सुई खाली उतरून पाऱ्याच्या वाटीत बुडे, वीजप्रवाह पूर्ण होई आणि तबकडीचा काटा एका घराने पुढे सरके. सगळे नीट वाचले गेले तर घंटा वाजे. छिद्र राहून गेले असेल किंवा कार्ड तिरके बसले असेल, तर घंटा गप्प! ते कार्ड बाजूला काढून, क्रमांकावरून मूळ कागद शोधून चूक दुरुस्त केली जाई. चुकीची नोंद गुपचूप आकड्यांत मिसळण्यापेक्षा काम अडलेले बरे, हा हिशेब होता. मृत्यूचे कारण चुकीच्या रकान्यात गेले, तर आजार एक आणि उपाय भलत्याचाच, असे होते.

काही वेळा मात्र दोष कार्डात नसे आणि यंत्रातही नसे. कंटाळलेले कर्मचारी डोळ्यांत औषध टाकण्याच्या नळीने वाटीतला पारा ओढून पिकदाणीत सोडत, म्हणजे यंत्र बंद आणि आपल्याला विश्रांती. (पाऱ्याची वाफ फुप्फुसांवाटे शरीरात जाऊन मेंदूला अपाय करते, हे कुणाच्या गावीही नसावे.)

एवढे होऊनही ६ कोटी २६ लाख लोकांची ढोबळ मोजणी काही आठवड्यांत हाती आली.

हॉलेरिथ यंत्रे विकत नसत, भाड्याने देत. भाड्यावरून जनगणना कार्यालयाशी त्यांचे फाटले आणि १९०५मध्ये त्यांची यंत्रे तिथून बाहेर पडली. माणूस हट्टी, तडजोड त्यांच्या स्वभावात नव्हती. १८९६मध्ये त्यांनी काढलेली कंपनी १९११मध्ये इतर कंपन्यांत विलीन झाली आणि १९२४मध्ये तिचे नाव आयबीएम झाले. १७ नोव्हेंबर १९२९ रोजी वॉशिंग्टन येथे हृदयविकाराने त्यांचा मृत्यू झाला. छिद्रांची कार्डे त्यानंतरही कित्येक दशके संगणकांना माहिती भरवत राहिली.