एका वर्षाची खुर्ची

आमच्या कर्जत-खालापूरकडे बचत गटाचं अध्यक्षपद पाळीने फिरवायचं म्हटलं की दोन सूर हमखास निघतात. जिची मुदत संपली ती म्हणते, आत्ता कुठे बँकेची कामं जमायला लागली होती. जिची पाळी आली ती म्हणते, मला नको गं बाई, मी कुठे शिकलेली! अशा वेळी मी विजयालक्ष्मी पंडितांची गोष्ट सांगते.

नेहरूंची बहीण म्हणून त्या सगळ्यांना ठाऊक. पण त्या मूळच्या कोकणी घराण्याच्या सूनबाई, हे किती जणींना माहीत? जन्म १९०० चा, अलाहाबादचा. माहेरचं नाव स्वरूप. १९२१ मध्ये रणजित पंडितांशी लग्न झालं आणि आपल्याकडच्या रीतीने नाव बदललं. कॉलेजचं तोंड पाहिलं नाही, शिक्षण घरीच. तरी १९३७ मध्ये संयुक्त प्रांतात त्या मंत्री झाल्या. पुढे तुरुंगवासही भोगला.

१९४४ मध्ये पती गेले. पदरी तीन मुली, मुलगा नाही. तेव्हाच्या हिंदू कायद्यात अशा विधवेची बाजू लंगडीच. मिळकतीवरून सासरी वाद झाला. त्या दुःखातूनच बाई उठल्या. १९४६ मध्ये संयुक्त राष्ट्रांत भारताचं शिष्टमंडळ घेऊन गेल्या आणि दक्षिण आफ्रिकेतल्या भारतीयांची बाजू मांडून ठराव मंजूर करून घेतला.

१९५३ मध्ये त्या संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या अध्यक्ष झाल्या. पहिली स्त्री! तेव्हा सभासद देश साठ, लहानमोठा कुणीही असो, प्रत्येकाला एकच मत. अध्यक्ष मात्र दरवर्षी नवा, आज या खंडाचा तर उद्या त्या खंडाचा. अध्यक्ष स्वतः मत देत नाही. सभा चालवायची, बोलायची पाळी द्यायची. निवडणुकीत त्यांच्यासमोर थायलंडचे प्रिन्स वान होते. ते हरले, पण १९५६ मध्ये त्याच खुर्चीवर बसले. बाईंनीही वर्ष संपताच ती नेदरलँड्सच्या प्रतिनिधीकडे सोपवली. पुढे १९६२ मध्ये त्या आपल्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. १९९० मध्ये त्यांचं निधन झालं.

एक गोष्ट मात्र मला खुपते. देशांची पाळी येत राहिली, बायकांची नाही. दुसरी स्त्री, लायबेरियाच्या अँजी ब्रुक्स, थेट १९६९ मध्ये आली. २०२५ पर्यंत मोजून पाचच!

म्हणून आमच्या गटात आता नुसती पाळी नाही. जुन्या अध्यक्षबाईंनी पहिले तीन महिने नवीबरोबर बँकेत जायचं, असं ठरलंय.