बीट्रिक्स पॉटर व त्यांचा उंदीर

उंदीर म्हटला की आम्हां फुलंब्रीकरांस कुरतडलेली धान्याची पोती आठवतात. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. पुढे कित्येक वर्षे घरात मेलेला उंदीर दिसताच आपल्या प्रांतातील लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. अशा या प्राण्यावर जीव लावणाऱ्या एका विदुषीचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो.

बीट्रिक्स पॉटर यांचा जन्म २८ जुलै १८६६ रोजी लंडन येथे एका सधन कुटुंबात झाला. त्यांना शाळेत न घालता घरीच शिक्षण देण्यात आले. समवयस्क सोबत नसल्यामुळे धाकटा भाऊ व पाळीव प्राणी हेच त्यांचे सवंगडी होत. त्यांत ससे होते, बेडूक होते, आणि सॅमी नावाचा गुलाबी डोळ्यांचा उंदीरही होता. या प्राण्यांकडे तासन्‌तास पाहून त्या त्यांची हुबेहूब चित्रे काढीत. पुढे त्यांनी अळंब्यांचाही सूक्ष्म अभ्यास केला. १८९७ साली त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटीपुढे मांडला गेला. परंतु स्त्रियांस तेथे प्रवेश नसल्याने त्यांना स्वतः उपस्थित राहता आले नाही.

एका आजारी मुलास लिहिलेल्या सचित्र पत्रातून त्यांची सशाची गोष्ट जन्मली. प्रकाशकांनी ती नाकारली, तेव्हा १९०१ साली त्यांनी स्वखर्चाने २५० प्रती छापविल्या. पुढील वर्षी एका प्रकाशकाने ती प्रसिद्ध केली व त्यांची कीर्ती सर्वत्र पसरली.

१९०५ साली त्यांनी उत्तर इंग्लंडात हिल टॉप नावाची शेतवाडी घेतली. तेथील जुन्या घरात उंदरांचा सुळसुळाट होता! त्यावरून १९०८ साली त्यांनी जी गोष्ट लिहिली, तीत उंदीर लोणी व कणीक चोरतात, मांजराच्या पिल्लास कणकेत गुंडाळतात आणि अखेर शेतकऱ्याच्या कोठारात ठाण मांडून त्याचे धान्य फस्त करतात. तरीही ते पुस्तक त्यांनी दिवंगत सॅमीच्या स्मृतीस अर्पण केले.

२२ डिसेंबर १९४३ रोजी त्या निवर्तल्या. आपली चार हजार एकरांहून अधिक जमीन त्यांनी राष्ट्रीय न्यासास देऊन ठेविली.

विद्यार्थिमित्रहो, बाईंनी मायेपोटी उंदराची चोरी झाकली नाही, आणि चोरीपायी त्याची हुशारीही नाकारली नाही. कणगीचे रक्षण आपण अवश्य करावे. परंतु ज्याचा आपण तिरस्कार करतो, त्यास एकदा तरी नीट न्याहाळावे, एवढेच आमचे सांगणे आहे.